बुद्धापुढची फुलदाणी

शहरातल्या गारखेडा वस्तीच्या बुद्धविहारात लीलाबाईंशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. गंगापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन शहरात आल्या, नवरा लवकर गेला, मग मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटून एकुलत्या प्रणयला आयटीआय करवलं. हातात लाटणं असो की झाडू, बाई समोरच्याला कामाला लावणारच. पंचशील म्हणताना मात्र हाच आवाज असा मऊ व्हायचा, की ही कुणी दुसरीच बाई वाटावी. प्रणय लहान असताना त्या बजावायच्या, "जे पाळायचं नाय ते तोंडानं म्हणू नको. गप राहा, पर खोटं शील घेऊ नको."

प्रणय वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर लागला. घरी सांगितलं, पंपाचे भाग बनतात. कंपनीच्या वर्धापनदिनी प्रत्येक कामगाराला चकचकीत पितळी फुलदाणी मिळाली. ती घरात ठेवतील तर त्या लीलाबाई कसल्या! फुलदाणी थेट विहारात बुद्धमूर्तीपुढे गेली. चिंच लावून घासायच्या, पांढरी शेवंती ठेवायच्या आणि येईल त्याला ऐकवायच्या, "पोराच्या कंपनीची हाय."

फौजेतून निवृत्त झालेले साहेबराव एकदा वंदनेला आले आणि फुलदाणीपाशी थबकले. तिच्या तळावरून बोट फिरवून हळूच म्हणाले, "लीलाबाई, ही फुलदाणी नाय. तोफेच्या गोळ्याची पुंगळी हाय. म्या लई उचलल्यात."

साहेबराव उगाच बोलणारा माणूस नव्हता. लीलाबाईंनी शेवंती काढून ओंजळीत घेतली आणि पुंगळी पदराखाली झाकून घरी आणली.

"व्हय, आई," प्रणय मान खाली घालून म्हणाला. "पुंगळ्याच बनवतो आम्ही. कंटेनर भरून बंदराला जातात. पुढं कुठं फुटतात, ते आम्हाला कोण सांगतंय?"

सून रूपा पोटुशी होती. ती म्हणाली, "आई, आता याच्यावरून घरात काही काढू नका. नोकरी गेली तर बाळाला काय खाऊ घालायचं?"

माणसं मारायची वस्तू आपण इतके दिवस बुद्धापुढे घासूनपुसून ठेवली, याची लीलाबाईंना शरम वाटली. पोराचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. नातवंडाचं तोंड बघायची घाई तर त्यांनाही होतीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विहारातल्या बायकांना सगळं सांगितलं. विहाराचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, "आपण कंपनीला निवेदन देऊ."

"निवेदन कंपनीचे साहेब खणात टाकतील," लीलाबाई फटकन म्हणाल्या. "माल फाटकातूनच जातो ना? मग फाटकात बसू."

आणि बसल्या. पांढऱ्या साड्या नेसून, कंटेनरच्या तोंडासमोर, मध्ये ती पुंगळी ठेवून. सुपरवायझरनं आधी गोड बोलून पाहिलं, मग पोलिसांची भीती घातली. बाया ढिम्म. शेवटी त्यानं आतून प्रणयला बोलावलं. "तुझीच आई ना? उचल तिला. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस."

प्रणय जवळ आला तसं लीलाबाईंनी त्रिसरण सुरू केलं. वंदना कानावर पडली की असाल तिथं हात जोडून थांबायचं, हे बौद्ध घरांतल्या लेकरांना शिकवावं लागत नाही. फाटकाच्या आत कितीतरी कामगार जागच्या जागी थांबले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. प्रणयनंही हात जोडले, आईच्या आवाजात आवाज मिसळला.

पहिलं शील आलं, जीवहिंसा न करण्याचं. तिथं प्रणयचे ओठ मिटले.

लीलाबाईंना तेवढा एक आवाज कमी पडलेला बरोबर कळला. त्यांचा सूर हलला, पण त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या शीलापासून पोराचा आवाज परत आला. पंचशील संपल्यावर तो वाकला आणि त्यानं आईला लहान मुलासारखं उचलून कडेला नेलं. सुपरवायझर हाकलतच होता; लीलाबाई कडेला गेल्या तशा बाकीच्या बायाही त्यांच्याकडे बघत उठल्या. कंटेनर निघाला. पुंगळी चाकाखाली चपटी झाली.

संध्याकाळी प्रणय घरी आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. बुद्धाच्या तसबिरीपुढे स्टीलच्या पेल्यात शेवंती होती. लीलाबाईंनी ताट वाढलं.

"खोटं शील घेतलं नाहीस," त्या म्हणाल्या. "ये, जेव."

तो बसला. त्यांनी भाकरीवर वरण वाढलं.

"उद्या आम्ही परत बसणार. पोलिसांचे हात लई जड असतात, म्हणून उचलायला तूच ये. पर आधी पंचशील होऊ दे. पहिल्या शीलाला मी तुझ्या आवाजाची वाट बघते."

प्रणयच्या हातातला घास हातातच राहिला.