गणोजी पाटलांचा डावा हात

हसणार तुम्ही, मला ठाऊक आहे. हसा! पण तोंडातलं पान आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. आणि शेवटाला जरा जड वाटलं तर मला बोल लावू नका. अहो, एक माणूस मरत होता आणि मी शहाणा त्याच्याशी भाव करत बसलो होतो!

आता मला सांगा, हात म्हणजे काय? सोपं वाटतं ना? कापडवाल्याला विचारा. तो म्हणेल, कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचं माप. वैद्याला हात दिसला की तो नाडी शोधतो. जोशी रेषा शोधतो. पंतोजींच्या लेखी हात म्हणजे छडी मारायची जागा. ज्याचा जो धंदा, त्याचा तो हात. आणि आम्हा कापसाच्या दलालांचा हात? तो तर दिसतच नाही. तो रुमालाखाली असतो.

भर बाजारात तोंडानं भाव बोलला की शेजारच्याला कळला. म्हणून देणारा-घेणारा समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली बोटांनी बोलायचे. बोटाबोटाला भाव ठरलेला. पेरावर दाबलं की अर्धा. सगळा पंजा आवळला की पुरे पाच. वर मात्र दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. पटलं की हात सैल सुटायचा. मग रुमाल उडवायचा आणि ओरडायचं, "झाला सौदा!" एकदा चारचौघांत असं ओरडलं की मागं फिरणं नाही.

मी मूळचा अमरावतीच्या भिक्षुकाच्या घरातला. पण तिकडे साता समुद्रापलीकडे कुठलीशी लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. पळी-पंचपात्र ठेवलं फळीवर आणि झालो दलाल! लोक गाडीच्या चाकांना लोखंडाच्या जागी चांदीच्या धावा बसवतात म्हणे. मी एकही पाहिली नाही, सांगितल्या मात्र शंभर.

अकोल्याच्या अलीकडे, पूर्णेच्या काठी गणोजी पाटलांचा गाव. असा पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस साऱ्या टापूत नव्हता. माणूस कडक, पण माझ्यावर जीव. दुसऱ्या कोणाच्या रुमालाखाली हात घालायचे नाहीत. अशात निरोप आला की पाटलांचं उजवं अंग गेलं आणि वाचा बसली. आमच्या पेढीच्या शेठजींनी मला बोलावून सांगितलं, "पंत, कापूस घेऊनच या. नाहीतर येऊ नका."

म्हणजे मी निघालो होतो आजारी माणसाला भेटायला, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही भोळे आहात.

भर दुपारी पोचलो. खोलीत माणसं दाटलेली. पाटील बाजेवर आडवे, अंगावर गोधडी. त्यांचा उजवा हात वैद्यबुवांच्या ताब्यात होता. जोशीबुवा त्याच हाताच्या रेषा वाकून पाहत होते. एकाच हातावर दोघांचं पोट! आणि डावा हात? तो गोधडीवर एकटाच उघडझाप करत होता.

दारात पाटलीणबाई उभ्या होत्या, पदर नाकापर्यंत ओढलेला. एवढ्या बाप्यांत बायकोनं नवऱ्याजवळ जाऊन बसायची रीत नव्हती.

मला पाहून त्या हळूच म्हणाल्या, "पंत, बरे आले. कालपासून हात असाच करून राहिले. कायतरी मांगून राहिले, पन समजून नाई राहिलं. तुमी पाहा बरं."

मी पाहिलं आणि काय सांगू, मला लख्ख कळलं! वैद्याला नाही कळलं, जोशाला नाही कळलं, मला कळलं! मनात म्हटलं, शाब्बास पाटील! वाचा गेली तरी धंदा गेला नाही!

बाजेपाशी बसलो, खांद्यावरचा रुमाल काढून त्या हातावर टाकला आणि आत हात घातला.

पाटलांनी माझा सगळा पंजा आवळला.

"पाटील, इतकं कसं चालंल?" मी कानाशी लागलो आणि तीन बोटं पुढं केली. त्यांनी पुन्हा पंजा आवळला. मी चार दिली. पुन्हा पंजा! वैद्यबुवा माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. मी म्हटलं, पाहू द्या, त्यांना काय समजतं धंद्यातलं!

पाटलांनी डोळे दाराकडे वळवले. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे.

हे तर सरळच होतं हो! अंगणात कोणी दुसऱ्या पेढीचा माणूस कान लावून उभा असणार. भावाची गोष्ट बाहेर जायला नको.

"जोशीबुवा," मी म्हटलं, "दार लोटा जरा. पाटलांची मर्जी आहे."

"आँ?" जोशीबुवा दचकले. "लोटू?"

"लोटा म्हणतो ना!"

दार लोटलं. पाटलीणबाई बाहेर राहिल्या.

तसे पाटील कण्हले आणि त्यांनी माझा हात असा काही आवळला की माझी अंगठी रुतली. मी खूश! मरणाच्या दारात आणि पकड बघा! पाच कबूल केले. सोडेनात. वर अर्धा चढवला. सोडेनात. शेठजी कच्चा खातील हे दिसत होतं, पण बोलीची चढली होती मला. पाटलांचे डोळे दाराला लागलेले आणि मी आपला, "उतरा ना जी थोडं, पाटील. आपल्या मानसाशी असं करतेत काय?" करत बोट वाढवतोय! माझ्याविरुद्ध मीच भाव चढवतोय!

आणि मग हात सैल पडला.

अलगद, एकेक बोट करत. पटला! मी रुमाल उडवला आणि घर दणाणेल असा ओरडलो, "झाला सौदा! गूळ आणा रे, गूळ!"

कोणी हललं नाही. वैद्यबुवांनी आपल्या हातातला उजवा हात हळूच गोधडीवर ठेवला आणि म्हणाले, "पंत, कोनाशी झाला?"

तुम्हाला हसू येतंय ना? बाहेर गूळ हा शब्द ऐकून पाटलीणबाईंनी खरोखरच गूळ आणला होता. त्यांना वाटलं, माणूस उठून बसला. ताटली घेऊन त्या दार ढकलून आत आल्या. पुढचं मी सांगत नाही. ती ताटली मला अजून दिसते.

सौदा मात्र पक्का धरला गेला. खोलीभर माणसांनी ऐकला होता. महिनाभरात लढाई संपल्याची बातमी आली, भाव मातीला मिळाले. शेठजींनी तो कापूस उचलला आणि मलाही उचलून पेढीबाहेर ठेवलं. भल्याभल्या दलालांना त्या साली जिवंत माणसांनी बुडवलं. मला बुडवलं मेलेल्यानं!

पण गाढवपणा इथं संपत नाही. त्याच्या आधीच, पाटलांच्या तेराव्याला गेलो, तर गावभर एकच गोष्ट. जोशीबुवा सांगत सुटले होते की पाटलांना पुण्यवंताचं मरण आलं, शेवटच्या घटकेला त्यांनी मायापाश तोडला, बायकोचं तोंडसुद्धा नको म्हणून दार लोटून घेतलं. लोक हात जोडत होते. आणि पाटलीणबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. जेवल्या नव्हत्या धड, कोणाशी बोलल्या नव्हत्या.

पानं उठल्यावर त्या माझ्यासमोर आल्या. पदर ओढलेलाच.

"पंत, येक इचारू? खरं सांगजा. दार लोटाले त्यायनंच लावलं काय?"

मला बाजारात खोटं बोलायचा सराव होता. पण तिथं जीभ उचलेना.

"नाही वयनी. मी लावलं."

"काहून?"

"ते सारखे दाराकडे पाहत होते. मला वाटलं... भाव कोणी ऐकू नये म्हणून."

त्या म्हणाल्या, "दाराकडं पाहून राहिले व्हते?"

"शेवटपर्यंत."

"दारात त मी व्हती."

"हो," मी म्हटलं. "आता कळतंय."

मला वाटलं, आता ही बाई मला शिव्या देणार, आणि द्यायलाच हव्या होत्या. त्यांनी पदरात तोंड घातलं आणि लहान पोरीसारख्या हमसून रडल्या. मीही रडलो, लाज कसली. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं आणि हात जोडले. मला नव्हे, वर.

"देवा, तुही मोठी दया," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मालकाचं मन फिरलं. पन हा बामनच येडा निंगाला!"