उसवलेली गाडी

आमच्या समोरच्या शिंप्याला सगळी गल्ली टाचणी म्हणते. अंगानेही तो टाचणीच आहे, पण नाव पडलं ते दुसऱ्याच कारणाने. अडचणीचा प्रश्न आला की हा माणूस झटकन चार टाचण्या ओठांत धरतो. "पँट कधी देणार?" टाचण्या. "बाही आखूड कशी झाली?" टाचण्या. मग नुसतं "हंऽ हंऽ" करतो आणि गिऱ्हाईक बिचारं आपलीच समजूत आपणच घालून घरी जातं. माझी खिडकी नेमकी त्याच्या दुकानासमोर येते, त्यामुळे मला काही मुद्दाम बघावं लागत नाही. दिसतं. आता कानही देवाने उघडेच दिलेत, त्याला मी काय करू?

त्याचे सासरे उंच, ताठ, मोजकं बोलणारे गृहस्थ. उभी हयात गावोगाव औषधं विकत हिंडले, तेही एकाच गाडीतून. गोल डोळ्यांची, फुगऱ्या गालांची निळी गाडी. पुढे ती बंद पडली आणि अंगणात गंजत बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला बोलावतो." तेव्हा टाचणीची बायको, जी एरवी माझ्याशीसुद्धा भांडत नाही, भावासमोर कंबर कसून उभी राहिली.

"खबरदार, दादा! आमचे हे करतील नीट. आणि बाबा, पहिली चक्कर तुम्ही मारायची. माझा शब्द आहे."

"तुझा नवरा?" भाऊ म्हणाला. "तो गाडीला काज करेल, काज!"

हे मला तिनेच सांगितलं. म्हणजे बघा, गाडी सासऱ्यांची, हात नवऱ्याचे, पण पणाला लागला होता तो बाईचा शब्द.

गाडी दोरीने ओढत आणली आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढवली. टाचणीचा हिशेब सोपा होता. मेकॅनिकला द्यायची तर परवडणार नाही. पण सीटा, छताचं अस्तर, पायाखालच्या चटया, एवढं तर घरचंच काम. उरले नटबोल्ट. "ताई, नट म्हणजे तरी काय हो? लोखंडाची बटणंच की!" असं मला म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की आता वर्षभर माझी करमणूक फुकटात होणार.

शिंप्याची एक रीत असते. जुना कोट नव्याने शिवायचा तर आधी सगळा उसवायचा. कापड विसरत नाही. जुन्या शिवणीची भोकं, दुमडीची रेघ, खडूची खूण, सगळं सांगतं की मी पाठ, मी बाही, मला इथे जोड. चिठ्ठ्या लावायची गरजच पडत नाही. टाचणीने गाडीही तशीच उसवली. दारं काढली, बॉनेट काढलं, दिवे, सीटा, इंजिनाच्या आसपासचं जे जे हाताला आलं ते काढलं. आणि निघालेले सगळे नटबोल्ट घासूनपुसून बरण्यांत भरले. कसे? बटणं लावतात तसे. बारीक एका बरणीत, मध्यम दुसरीत, पितळी वेगळे, काळे वेगळे. फळीवर ओळीने मांडलेल्या त्या बरण्या काय दिसत होत्या म्हणून सांगू! लोणच्याच्या दुकानात अशी मांडणी नसेल. फक्त कुठला बोल्ट कुठून निघाला, ते ना बरणीला ठाऊक, ना टाचणीला.

जोडायला घेतलं तेव्हा पहिल्याच दाराने हिसका दाखवला. लागेना. लागलं तर मिटेना. मिटलं ते उघडेना. मग शेडला कुलूप आलं. बायकोने विचारलं की "होतंय, होतंय." जास्त विचारलं की टाचण्या. आणि ती भोळी फोनवर भावाला सांगायची, "झालीच म्हण. रंगावर आलीय."

मग एके सकाळी सासऱ्यांचा निरोप आला. गाडी बघायला येतोय.

त्या दिवशी टाचणी माझ्या दारात. "ताई, एखादं मोठं पातेलं मिळेल? खळ शिजवायचीय." मी दिलं. स्वतःचं असताना माझं कशाला, हा प्रश्न मनात आला, पण तेवढ्यात तो पळाला.

सासरे आले, तेव्हा सगळी गल्ली आपापल्या दारात काही ना काही काम काढून उभी होती. मी तर सरळ शेडमध्येच गेले. खिडकीतून एवढं नीट दिसत नाही. आत करड्या कापडाखाली गाडी उभी. कापड काय शिवलं होतं! प्रत्येक वळणावर चूण, कडेला दुहेरी शिवण. गालांचा फुगवटा, दिव्यांची गोलाई, सगळं जिथल्या तिथे. बायकोने बापाकडे असं पाहिलं, जसं शाळेत पहिल्या आलेल्या पोरीने बघावं.

"जावईबापू, कापड काढा ना," सासरे म्हणाले.

"रंग ओला आहे, बाबा."

"असं होय. मग नको. मी नुसता जवळ उभा राहतो."

ते जवळ गेले. जुन्या सवयीने त्यांनी बॉनेटवर हात टेकला. आणि बॉनेट खचलं. हळूच, उशी दबावी तसं. कारण ती उशीच होती. तिच्या पुढच्या दिव्याच्या जागेवरून काहीतरी निसटलं आणि ठणठणत, गोल गोल फिरत, सासऱ्यांच्या बुटाशी येऊन आडवं झालं.

माझं पातेलं.

एरवी मी हसून लोळले असते. पण टाचणीचं तोंड बघितलं आणि हसू घशातच राहिलं. मेलेला बरा दिसतो. सासऱ्यांनी कापडाची कड उचलली. आत इस्त्रीचं टेबल, लोड, टोपल्या, आणि मागे दारं नसलेला गाडीचा सांगाडा. टाचणीचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"टाचण्या खाली ठेवा," बायको म्हणाली. हळू, पण पत्रा कापेल अशा आवाजात. "बोला."

"मला... जोडता येत नाहीये, बाबा. मी सगळी उसवली आणि..."

"रंग ओला आहे म्हणालात."

"रंग लावलेलाच नाही."

"गाडी तर मोडलेलीच होती, जावईबापू," सासरे म्हणाले. "मला पांघरूण कशाला दाखवलंत?"

'जावईबापू' त्यांनी सोडलं नाही, तेच जास्त लागलं असावं. टाचणीचे कान जांभळे झाले. शेवटी काय दाखवावं म्हणून त्याने कोपऱ्यातून ड्रायव्हरची सीट ओढत आणली, तेवढी एकच पुरी झालेली. सासरे जमिनीवरच्या त्या सीटवर बसले, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शिवलीय छान." शिवी दिली असती तर टाचणीला सोसलं असतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बायकोने फोन लावून त्याच्या हातात दिला. "दादा आहे. 'झालीच' म्हणून काल मी सांगितलंय. आता तुम्ही सांगा."

पलीकडचं हसू आम्हाला ऐकू येत होतं. "काय भावजी, काजं झाली?"

"गाडी मी बिघडवली," टाचणी म्हणाला. "तुमच्या बहिणीला काही माहीत नव्हतं. तिला मी खोटं सांगत होतो."

हसू थांबलं. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

भंगारवाल्याचं काय, ते सासऱ्यांनी लेकीवर सोपवलं. ती म्हणाली, "गाडी राहील. शब्द माझा आहे, तो अजून संपलेला नाही. पण शेडची किल्ली माझ्याकडे."

आता रोज दुपारी टाचणी एकेक बरणी उराशी धरून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जातो, भर गल्लीतून. "काय रे, बटणं विकायला काढलीस?" अशी हाक येतेच. ओठांत टाचण्या नसतात. "गाडी मोडली माझ्याकडून. जोडायला शिकतोय," असं खाली बघून सांगतो आणि पुढे जातो.

माझं पातेलं त्याने घासून परत आणलं. "पोचा आलाय, ताई. ठोकून देऊ?"

"नको रे बाबा! तू आधी त्याचं बूड उसवशील."

मला वाटलं, हसेल. हसला नाही. "खरंय," म्हणाला, आणि उंबऱ्यावर ठेवलेली बरणी उचलून चालू लागला.