खापरावरचं नाव

दीड महिन्यापूर्वी शोभाचा फोन आला. "सुमे, बिरादार बाई गेल्या गं..." दुःख व्हायच्या आधी मला भीती वाटली, आता शोभासमोर एकटीनं बसावं लागणार. का, ते सांगते.

उमरीच्या मुलींच्या शाळेत बाई आम्हाला इतिहास शिकवायच्या. नववीत प्राचीन ग्रीसचा धडा आला, तेव्हा त्यांनी कुंभाराकडून पाटीभर फुटकी खापरं आणली. अथेन्सचे लोक असल्या खापरावर एकेक नाव कोरायचे. ज्याचं नाव सगळ्यात जास्त, त्यानं दहा वर्षं नगर सोडायचं. आरोप नाही, पुरावा नाही, बाजू मांडायची सोय नाही... बाई रंगून सांगत होत्या. मग म्हणाल्या, "करून बघू आपण बी." आम्ही खिदळत खडूनं नावं लिहिली. मी वर्गाची मॉनिटर. त्याच आठवड्यात कॉपी करणाऱ्या पोरींची नावं मी मोठ्या बाईंना सांगितली होती. मी ते विसरले होते, वर्ग विसरला नव्हता.

बाई वाचू लागल्या. सुमन. सुमन. पुन्हा सुमन... हसणं थांबलं. मला खरंच वाटलं, आता दप्तर उचलून गाव सोडावं लागणार. बाईंनी घाईनं पाटीवर पदर टाकला. "अथेन्सात सहा हजार खापरं पडल्याबिगर निकाल लागत नव्हता. आपण तर चाळीस बी न्हाईत. बसा गुमान."

शाळा सुटल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या. परसात दोघींनी मिळून ती खापरं दगडानं कुटली. "वाचायचं न्हाई," त्यांनी बजावलं. तरी एक नजरेस पडलंच. 'स'ला शेवटी तसला गोल वेढा फक्त शोभा द्यायची, माझ्या बाकावरची माझी मैत्रीण. मी त्यावर दगड घातला. बाईंनी हातातला दगड खाली ठेवला. "भ्याले गं मी. लेकरांच्या हातात काय देऊन बसले!"

शोभाशी मैत्री टिकली, पण मी तिला कधी विचारलं नाही. आजही मी खोलीत शिरताच बोलणं थांबलं, की मला ती खापरांची पाटी आठवते. नांदेडच्या दवाखान्यात शेवटची भेट झाली, तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं. "त्या दिशी वर्गाला बोलायला पायजे होतं मी. नुसता नियम सांगून सुटले..." मी म्हणाले, "किती वर्षं झाली, बाई." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या गेल्यावर आठवड्यानं शोभा आणि मी त्यांच्या घरी गेलो. रिकाम्या खाटेवर टेकलो. शोभा पदराचं टोक पिळत होती.

"सुमे, तुला एक सांगायचं हाय."

"च्या ठेवू का?" म्हणत मी उठले. तिनं हात धरून मला खाली बसवलं.

"मागच्या बाकावरच्या म्हणल्या, सुमीचं लिही, न्हाई तर आम्ही तुझं लिहितो. मला लई भ्या वाटलं गं..."

"मला बी," एवढंच मी म्हणाले.

तिनं हात सोडला नाही. बाईंची घडी घातलेली गोधडी दोघींच्या मधे होती, आणि आमचे तळवे घामानं ओले झाले होते.