विचारतील त्यांना हार्ट म्हणा

त्या दुपारी मी आणि बायको भिजवलेले अवरे, म्हणजे पावट्याचे दाणे, पिळत बसलो होतो. बेंगळुरात थंडीच्या दिवसांत हे काम घरोघर चालतं. दाणा बोटांत धरून दाबायचा, की सालातून आतली डाळ टपकन ताटात पडते. तिचा हात शिलाई मशीनसारखा चालायचा. माझे दाणे कधी भिंतीवर जायचे, कधी कॉटखाली. ती म्हणायची, "जन्मभर बटणं लावलीत आणि एक दाणा धरता येईना."

त्या दिवशी तिच्याच बोटांतून दाणे निसटत होते. सारखी पाणी पीत होती. तोंडाला नासक्या फळासारखा वास येत होता. मी म्हणालो, "पुरे झाला हट्ट. इंजेक्शन घे."

"स्वामी म्हणालेत, तोंड कडू झालं की समजायचं, आतलं विष बाहेर पडतंय."

"विष राहील आत, तूच पडशील बाहेर."

ती हसली. "तुम्हाला सांबार करून घातल्याशिवाय नाही जात." आणि तशीच उठून मोरीत जाऊन ओकली.

आता हा स्वामी आमच्या घरात आला कुठून ते सांगतो. त्याला आणलं आमच्याच गल्लीतल्या एकानं. निवडणुकीला उभा राहणार होता तो. शाळेत असताना त्याच्या चड्ड्या मी शिवल्यात. आधी दोनदा पडला, डिपॉझिटसकट. मग कनकपुरा रोडच्या बाजूला एका स्वामींच्या आश्रमात जायला लागला, आणि बघता बघता त्याच्या मागे गाड्या आल्या, माणसं आली, पक्षाचे लोक घरी यायला लागले. स्वामींनी शब्द टाकला म्हणे. गल्लीत तो उघड सांगायचा, "मी स्वामींचा थोरला मुलगा." आरतीचं ताटसुद्धा दुसऱ्या कुणाला धरू द्यायचा नाही.

स्वामींबद्दल पेपरात वाईट छापून यायचं. कुणाची जमीन दाबली, कुणा बाईनं तक्रार केली, औषधं सोडून दोघं दगावले. टीव्हीवाल्यानं आमच्या या पोराला विचारलं, तुमचा त्यांचा संबंध काय? तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "हजारो लोक दर्शनाला जातात, त्यातला मी एक." दुसऱ्याच सोमवारी गल्लीतल्या बायकांना बसमध्ये घालून तिकडेच घेऊन गेला. आमच्या मराठी समाजाची माणसं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या कपडे शिवतायत, पण आमचा एक कॉर्पोरेटर झाला नाही. म्हणून सगळे गप्प. आपला माणूस आहे, निवडून येऊ दे.

असल्याच एका सोमवारी स्वामी बायकांना म्हणाले, श्रद्धा असेल तर औषधं माझ्या पायाशी ठेवा. हिनं इन्सुलिन ठेवलं. येताना तीर्थाची बाटली घेऊन आली. मी घरात भांडी आपटली, दोन दिवस जेवलो नाही. ती म्हणाली, "आपलाच पोरगा घेऊन गेला होता. तो वाईट करील का?" आधी एक वेळचं इंजेक्शन सुटलं, मग दोन्ही वेळचं.

मोरीतून तिला उठवता येईना. श्वास मोठा मोठा चालला होता. ऑटो केला. हॉस्पिटलातला डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. त्यानं एवढंच विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद?" मी सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि पळत आत गेला. दिवे लागायच्या आत ती गेली.

मी आणि मुलगी तिला घेऊन घरी पोचलो तर काचेची फ्रीझर पेटी आधीच दारात. गल्लीतल्या त्या उमेदवारानं पाठवलेली. पेटीवर त्याचा हात जोडलेला फोटो, वरच्या कोपऱ्यात स्वामी. मी मुलीला टॉवेल आणायला सांगितला आणि दोघांवर टाकला.

थोड्या वेळानं तो आला. माझे पाय धरले.

"अण्णा, अक्का म्हणजे माझी आईच."

"तुझी आई जिवंत आहे," मी म्हणालो. "बीपीच्या गोळ्या घेते. तिच्या गोळ्या का नाही ठेवल्यास पायाशी?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "उद्या लोक येतील, विचारतील. हार्ट म्हणा. एवढंच. तिकीट अजून हातात आलेलं नाही अण्णा. आधीच ती दोन प्रकरणं चालू आहेत. तुमच्या तोंडून शुगर, इंजेक्शन असलं काही गेलं तर टीव्हीवाले मला सोडणार नाहीत. समाजाचं नुकसान होईल. सरी ना, ठीक ना?"

"आणि स्वामी येणार आहेत का तिला बघायला?"

"त्यांना स्वल्प काम आहे."

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, हार्टच म्हणा." मला राग आला. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या कंपनीत आहे, शिकलेली आहे, तिच्या तोंडी हे? ती रडत म्हणाली, "त्याच्यासाठी नाही हो. खरं सांगितलं तर लोक आईला काय म्हणतील? अडाणी बाई, बाटलीतलं पाणी पिऊन मेली म्हणतील. जन्मभर आठवण निघाली की हसतील."

हे मला लागलं. कारण खरंच हसतील. मी तिच्या उशाशी बसून राहिलो आणि तेच तेच मनात घोळवत राहिलो. ती अडाणी नव्हती. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली होती. सुई स्वतः टोचून घ्यायची, मला धीर व्हायचा नाही. घरात लागणारी फुलंसुद्धा वास घेऊन, निवडून घ्यायची. पण माणसावर एकदा विश्वास टाकला की तपासायची नाही. ते तिचं. आणि तो विश्वास ज्यानं वापरला, ते पाप त्याचं. हार्ट म्हटलं तर त्याच्या माथी काहीच उरत नव्हतं.

सकाळी दारासमोर दोन ओंडके पेटवले. आमच्याकडे मयताच्या घरापुढे विस्तव असतो, तो बघून रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूससुद्धा थांबतो. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी पहिल्या खुर्चीवर. तो येऊन माझ्या शेजारी बसला, पांढरे कपडे, माझ्या खांद्यावर हात. त्याच्या पोरांनी हार आणले होते, एक फोन वर धरून शूटिंग करत होता.

मयताला आलेला माणूस एक गोष्ट विचारतोच. कसं झालं? आणि ज्याचं माणूस गेलंय त्यानं पहिल्यापासून सांगायचं असतं, येणाऱ्या प्रत्येकाला, पुन्हा पुन्हा. एका शब्दात सांगून भागत नाही. कालपर्यंत बरी होती ना, डॉक्टर काय म्हणाले, मग काय झालं, असं लोक खोदत जातात. याला हे ठाऊक असायला हवं होतं. पण दोन वर्षं भाषणंच करत फिरल्यावर मयताच्या दारी ऐकणार कोण?

पहिली आली समोरची फूलवाली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "एनायतु अण्णा?" काय झालं?

मी तिला कन्नडमध्ये सांगितलं. शुगर होती. इन्सुलिनवर चांगली चालत होती. मग हा तिला बसमध्ये घालून स्वामीकडे घेऊन गेला. स्वामीनं औषध ठेवून घेतलं आणि पाणी दिलं. हिचा याच्यावर विश्वास होता. काल दुपारी आम्ही अवरे पिळत होतो.

खांद्यावरचा हात निघाला. तो हसल्यासारखं करून म्हणाला, "अण्णांना धक्का बसलाय." फोनवाल्या पोराला त्यानं डोळ्यांनीच थांबवलं.

मागून समाजाचे अध्यक्ष आले. म्हातारे गृहस्थ. खुर्ची ओढून मराठीत हळूच म्हणाले, "हार्ट का रे?" त्यांना आधीच सांगून ठेवलेलं दिसलं. मी म्हणालो, "नाही." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सोमवारपासून, बसपासून. मुलगी दारात उभी होती. मला वाटलं ती अडवेल. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. ते मला देऊन शेजारीच उभी राहिली.

तो फोन कानाला लावून उठला तो परत आला नाही. तिला खांदा द्यायला एक माणूस कमी पडणार होता. त्याचं बघू नंतर, म्हणालो. तोपर्यंत पलीकडचा इस्त्रीवाला चप्पल काढून समोर उभा होता, आणि त्याच्या मागे तिघी बायका, सगळ्या त्याच बसमध्ये गेलेल्या. इस्त्रीवाल्यानं विचारलं, कसं झालं. मी त्या तिघींकडे बघत सांगायला लागलो.