मल्लिनाथअप्पांची बंदूक

मल्लिनाथअप्पांच्या बंदूक परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी मोबाईलवरून भरला आणि 'बंदूक कशासाठी?' या प्रश्नापुढे पीकसंरक्षणाऐवजी चुकून 'क्रीडा' निवडलं. अप्पा आमचे शेजारी, निलंग्याकडचे शेतकरी. गळ्यात इष्टलिंग, आम्लेटच्या गाड्यालासुद्धा वळसा घालून जाणारे. बंदूक होती ती उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी.

लातूरच्या कचेरीत कारकूनबाईंनी अर्ज वाचला आणि अप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काका, कोणता खेळ खेळता?"

"डुकरं खेळतेत, ताई. मी बघतो."

मी घाईघाईनं चूक कबूल केली. बाईंनी पुढं विचारलं, "आजवर किती मारली?"

अप्पा खरं बोलणारे, म्हणजे कचेरीत नेऊ नये असे. "एक बी न्हाई. आभाळाकडं बार काढतो. जीव घ्यायचं आपल्यात न्हाई."

"मग फटाके लावा की!"

"फटाक्याला सरावलीत ती. बंदुकीचा अजून मान ठेवतेत."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी अर्ज फेटाळलाही नाही. दुरुस्ती करून आणा म्हणाल्या, आणि परवाना हातात येईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितलं.

बसस्टँडवर अप्पा शांतपणे म्हणाले, "बंदूक तुझ्यामुळं गेली. आता आवाज तू द्यायचा."

मग दर शनिवारी रात्री उसाची जागल माझ्याकडं आली. मी पत्र्याचा डबा बडवत ओरडायचो. डुकरं थांबून ऐकायची आणि परत खायला लागायची. पुढं परवाना आला, बंदूकही परत आली. पण मधल्या एका शनिवारी मी लग्नाला गेलो होतो, तेवढी एक रात्र माझ्याकडं बाकी राहिली. अप्पांनी ती अजून सोडलेली नाही.