हद्दीबाहेरची डिरेक्टरी

त्या दुष्काळात शहर दक्षिणेकडे वाढत होते आणि पाणी टँकरने येत होते. गारखेड्याच्या पलीकडे शेतांत प्लॉट पडले, घरे उभी राहिली. त्यांतल्याच एका घरात माझी आत्या राहायला गेली. मी ज्या लहानशा कचेरीत काम करत होते, तेथील सर्व्हर टँकरच्या फेऱ्या ठरवी आणि चालकांच्या मोबाइलवर पाठवी.

एका सकाळी नव्या वसाहतींच्या फेऱ्या निघाल्याच नाहीत. आत्याचा फोन आला. "अगं बाई, टँकर कुठं हाय? दुपारी नातवाचं बारसं हाय, अन् ड्रम पार कोरडे!"

नव्या वसाहतींच्या फेऱ्यांच्या फाइली ठेवायची सर्व्हरवरची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आदल्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने तयार केली होती. ते कन्नड तालुक्यातले, वयाने मोठे. सगळे त्यांना दादा म्हणत.

"सगळ्यांना सगळी परवानगी दिली मी तिच्यावर, तरी प्रोग्राम तिथं फेऱ्या लिहीत नाय," ते वैतागून म्हणाले. "ते सुरक्षेचं टूलच बंद करा, ताई. लई कटकट."

सर्व्हरवर घरोघरचे पत्ते आणि फोन नंबर होते. टूल बंद करणे मला मान्य नव्हते. मी टूलच्या नोंदींचा लॉग उघडला. कोणत्या प्रोग्रामने कोठे लिहावे, हे ते टूल स्वतःच्या नियमांवरून ठरवते. डिरेक्टरीची परवानगी कितीही सैल असो, त्याला फरक पडत नाही. आमच्या प्रोग्रामला फक्त 'शहर' या डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा होती. नवी डिरेक्टरी तिच्या बाहेर होती.

"बाहेर का ठेवली, दादा?"

"म्हंजे? त्या वसाहती महापालिकेच्या हद्दीत कुठं हाईत?"

मला हसू आवरेना. तर्क बिनचूक होता. शिवाय हद्दीबाहेरचा हिशेब वेगळा ठेवावा लागे, त्यामुळे डिरेक्टरी हलवता येत नव्हती. उरला अपवाद: हाच प्रोग्राम, हीच डिरेक्टरी, बाकी सर्व पूर्ववत. मी ओळ लिहिली, नियम पुन्हा लागू केले, तरीही नकार. मी डिरेक्टरीपुरती मुभा दिली होती, तिच्या आतील फाइलींसाठी दिली नव्हती.

"म्हंजे फाटक उघडलं, अन् टाकीचं झाकण बंदच व्हय?" दादांनी टोमणा मारला.

झाकणही उघडले. काही क्षणांत कचेरीच्या अंगणात थांबलेल्या चालकांचे मोबाइल एकामागून एक वाजले आणि टँकर सुरू झाले.

दुपारी आत्याचा पुन्हा फोन आला. "आलं बाई पाणी. बाळाची अंघोळ झाली, आता पाळण्यात घालायचंय. तू येतीस का नाय?"

मी अर्धी रजा टाकून गेले.

पुढे त्या वसाहती हद्दीत आल्या. दादांनी डिरेक्टरी आत हलवली आणि त्याच दिवशी मी अपवादाची ओळ काढून टाकली. कारण संपले की अपवादही संपावा, असे मी मानते. आत्याने मात्र, घरी नळ आला तरी, टँकरसाठी फाटकाजवळ ठेवलेला ड्रम अजून हलू दिलेला नाही.