कडक पाठीच्या बारा

"हाताला लागल्या त्या दिल्या," थोरली म्हणाली आणि डब्याचं झाकण इतक्या जोरात दाबलं की भाजीचं तेल बोटांवरून ओट्यावर सांडलं.

"ताई, मी तुम्हाला दोष देत नाहीये. एवढंच म्हणतेय, त्या बारा माद्या निवडून तुम्ही दिल्या होत्या."

"मग दोष देणं आणखी कसं असतं?"

धाकट्या जावेचे डोळे सुजले होते. आज अकरा वाजता मोठे साहेब येऊन तिचं कोळंबीला द्यायचं इंजेक्शन चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवणार होते, आणि तिची नोकरी त्या इंजेक्शनावरच होती.

दोघी कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्या हॅचरीत कामाला. थोरली सोळा वर्षांपूर्वी टाक्या घासायला लागली आणि बघता बघता 'डोळेवाली बाई' झाली. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक गाठ असते. तिच्यातून पाझरणारा रस अंडाशयाला सारखा थांब, थांब म्हणत राहतो. टाकीत कोंडलेली मादी त्यामुळे महिनोन्‌महिने अंडी पिकवत नाही. एक डोळा देठाशी तापल्या चिमट्याने दाबून काढला की थांबवणारा तो रस निम्मा होतो आणि आठवड्याभरात मादीच्या पाठीत हिरवी रेघ भरते. हे काम थोरलीसारखं कुणाला जमत नसे. तिच्या हातची मादी दुसऱ्या दिवशी खायला लागायची. नवीन माणूस आलं की साहेब म्हणायचे, बाईंच्या शेजारी उभे राहा आणि नुसते बघा.

मग दिराचं लग्न झालं आणि शिकलेली जाऊ घरात आली. सहा महिन्यांत हॅचरीतही आली. डोळ्याला हात न लावता त्या रसाचा थांबवणारा निरोपच वाटेत अडवायचा, असं इंजेक्शन तिच्याकडे होतं. चिमट्यात धरलेली मादी शेपूट आपटते, ते थोरलीला सोळा वर्षांत एकदाही बघवलं नव्हतं. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण साहेबांनी धाकटीला स्वतःची खुर्ची पुढे केली, तिच्या मापाचे नवे गमबूट मागवले आणि थोरलीला म्हणाले, "बाई, हिला टॉर्च धरा जरा."

हे टॉर्च धरणं तिने घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? नवरासुद्धा जेवताना भावजयीलाच विचारायचा, "काय म्हणतात तुमच्या कोळंब्या?" सोळा वर्षांत बायकोला कधी विचारलं नव्हतं.

"अगं, कोळंबीवरून सकाळी सकाळी काय घर डोक्यावर घेता?" तो आत्ताही दाढी करता करता म्हणाला.

"बाराच्या बारा वाया गेल्या, भावोजी," धाकटी म्हणाली. "अंडी धरायची सोडून नऊ जणींनी कवच टाकलं. तिघी मेल्या. औषधात चूक नाही, मी चारदा तपासलं."

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेल्या सासूने मान वर केली नाही. "कवच टाकायला आलेली ओळखू येत नाही का गं?" तिने थोरलीला विचारलं.

"येते."

"कशी?"

"पाठ अंगठ्याखाली दबते. खाणं सुटतं. शेपटीच्या कडेला आत दुसरी कड दिसते."

"आणि तशीला सुई टोचली तर?"

"अंग सगळं कवच टाकण्यातच लागतं. अंडी कुठून धरणार?"

"हं." सासूने एक किडकं पान बाजूला टाकलं. "मी काय अडाणी. पण भाजीवाल्याकडे तू डोळे मिटून हात घातलास तरी कधी मऊ पडलेलं वांगं उचललेलं मी पाहिलं नाही. आणि त्या दिवशी बाराच्या बारा मऊच हाताला लागल्या?"

नवऱ्याचा वस्तरा थांबला. धाकटी थोरलीकडे बघत राहिली. आधी तिला समजलं नाही, मग समजलं आणि तिने नजर खाली केली. ती ओरडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. ती फक्त ओट्यावर पडलेलं तेल पुसायला लागली.

"ठेव ते फडकं," थोरली म्हणाली. "ओला बोळा फिरवून नुसतं पसरवतेयस."

तिने स्वतः ओटा पुसला, डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या.

"मी पुढे जाते. साहेबांना सांगणार आहे की त्या बारा मी बघून, दाबून, मऊ पाठीच्याच निवडल्या होत्या. मग नव्या बारा काढून देते, कडक पाठीच्या. सुई हिने टोचायची, टॉर्च मी धरेन. मला चिमट्यावरून काढलं तर टाक्या घासेन. यावर घरात पुन्हा बोलणं नको. आणि संध्याकाळचा स्वयंपाक आजपासून हिचा."